पाणी तोडून मिळवलेलं लिंबू: सिसिलीच्या घरगुती पेयांची पार्श्वभूमी

इटलीच्या सिसिली बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर कातानिया नावाचं शहर आहे. उन्हाळ्यात तिथल्या चौकाचौकातल्या टपऱ्यांवर एकच मागणी सारखी ऐकू येते: ‘सेल्ट्झ, लिमोने ए साले’. सोडा, लिंबू आणि मीठ. टपरीवाला दांड्याच्या दाबयंत्रात लिंबं पिळतो, रसात मीठ टाकतो आणि वरून सोड्याची जोरदार धार सोडतो. मिठामुळे फेस सरसरून वर येतो, आणि तो काठावरून ओघळायच्या आत ग्लास तोंडाला लावायचा असतो. आपल्या खाऱ्या लिंबूसोड्याचं हे सख्खं भावंडच.

चव ओळखीची असली तरी ऐन जुलैत हे रसाळ लिंबू येतं कुठून? सिसिलीत लिंबाचा मुख्य हंगाम थंडीचा. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत झाडं लगडलेली असतात. तहान लागते जून ते सप्टेंबर, आणि त्या दिवसांत बेटावर पाऊस जवळपास नसतोच. फळ एका ऋतूत, तहान दुसऱ्या ऋतूत. मधलं हे अंतर माणसांनी कसं कापलं, तोच या पेयांचा खरा इतिहास आहे असं मला वाटतं. पाककृती नंतर आल्या, आधी पाण्याची सोय झाली.

इ.स. ८२७ मध्ये उत्तर आफ्रिकेतून अरब आणि बर्बर सैन्य सिसिलीत माझारा इथे उतरलं. ८३१ मध्ये पालेर्मो शहर त्यांच्या हाती आलं, ९०२ मध्ये ताओर्मिना. त्यांच्यामागोमाग कडू नारिंग, लिंबू, ऊस आला, आणि या झाडांना बारमाही पाणी पाजायची विद्याही आली. पालेर्मोच्या पोटात खोदलेल्या कनातींतून, म्हणजे उताराच्या बोगद्यांतून, डोंगराचं पाणी शहरापर्यंत आणलं जाई. सिसिलियन बोलीत आजही बागेतल्या हौदाला ‘जेब्या’, पाटाला ‘साया’ आणि रहाटाला ‘सेन्या’ म्हणतात. तिन्ही शब्द मूळ अरबी. लिंबूवर्गीय फुलाला ‘झागरा’ म्हणतात, तोही अरबी ‘झहर’वरून. १०७२ मध्ये उत्तर फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांनी पालेर्मो जिंकलं, राजे बदलले, पण पाट आणि पाटकरी तेच राहिले.

या वाटेवर आपलाही एक धागा आहे. संस्कृतातला ‘नारंग’ फारसी-अरबी वाटेने पश्चिमेला गेला आणि इटालियनमध्ये ‘अरांचा’ झाला. लिंबू, म्हणजे तिकडचं मोठं पिवळं लिंबू, हा कडू नारिंग आणि महाळुंग यांचा संकर. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे महाळुंग आहे, त्याची जाड सालीची फळं सिसिलीत लोक काप करून, मीठ लावून खातात. ‘सरबत’ हा शब्द तर पिणे या अर्थाच्या अरबी धातूतून निघाला. फारसीमार्गे तो आपल्याकडे आला आणि तुर्कीमार्गे इटलीत जाऊन ‘सोर्बेत्तो’ झाला.

रस मिळाला, पण गारवा? त्यासाठी एटना होता. या ज्वालामुखीला स्थानिक लोक ‘मोंजिबेल्लो’ म्हणत आले आहेत, त्यात लॅटिनमधला डोंगर आणि अरबीतला ‘जबल’ असे दोन डोंगर एकत्र नांदतात. हिवाळ्यात ‘नेवारोली’ म्हणजे बर्फवाले उंचावरच्या खड्ड्यांत आणि गुहांत बर्फ दाबून भरत आणि वर पालापाचोळा, राख असं काहीतरी पसरून तो झाकत. उन्हाळ्यात त्याच्या लाद्या खेचरांवर लादून रातोरात किनाऱ्यावर पोचवत. कातानियाच्या बिशपला या बर्फातून मोठं उत्पन्न मिळे. १७७० मध्ये तिथे गेलेल्या पॅट्रिक ब्रायडन या स्कॉटिश प्रवाशाने त्याची आवर्जून नोंद केली. एटनाचा बर्फ जहाजातून माल्टालाही जाई.

सुरुवातीला हा बर्फ किसून त्यावर लिंबाचा रस ओतत. पुढे बर्फाचा उपयोग खाण्याऐवजी गोठवण्यासाठी होऊ लागला: लाकडी बादली, आत रसाचं धातूचं भांडं, मधल्या जागेत बर्फ आणि जाडं मीठ. पॉट आइस्क्रीमचा दांडा ज्याने लहानपणी फिरवला आहे त्याला हे वेगळं समजवायला नको. त्यातून निघते ती ग्रानिता. लिंबाची, बदामाची, जूनमध्ये काळ्या तुतीची, आणि त्रापानीकडे चक्क मोगऱ्याच्या जातीच्या चमेलीफुलांची.

बदामाचं दूध मात्र मला या सगळ्यांत जास्त घरगुती वाटतं. बेटाच्या आग्नेयेला आवोला आणि नोतोच्या परिसरात बदामाला जानेवारीअखेर-फेब्रुवारीत फुलं येतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी फळं झोडपून उतरवतात. हे कोरडवाहू झाड, लिंबाची बाग जिथे पोसत नाही तिथेही उभं राहतं. सोललेले बदाम, त्यात स्वादापुरते मोजके कडू बदाम, बारीक वाटतात आणि स्वच्छ फडक्यात पुरचुंडी बांधून गार पाण्यात बुडवून ठेवतात. काही तासांनी पुरचुंडी पाण्यातच हाताने चोळत, पिळत राहायचं. पाणी आधी गढूळ, मग निळसर पांढरं, मग दाट पांढरं होतं. नारळाचा चव कोमट पाण्यात पिळून रस काढणाऱ्या कोकणी हातांना ही हालचाल न शिकवता येईल. कॅथलिक उपासांच्या दिवसांत जनावराचं दूध वर्ज्य असे, म्हणून मध्ययुगीन युरोपात बदामाच्या दुधाचं महत्त्व वाढलं. उपास सैल झाले, पण पेय टिकलं.

लिंबाचं नशीब पालटलं ते दर्यावर्दींमुळे. १७९५ पासून ब्रिटिश आरमाराने स्कर्व्हीवर, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगावर, उतारा म्हणून खलाशांना लिंबाचा रस द्यायला सुरुवात केली आणि सिसिलीच्या लिंबांना मोठं गिऱ्हाईक मिळालं. पुढे अमेरिकेची बाजारपेठही उघडली. पालेर्मोभोवतीचं ‘कोंका दोरो’, म्हणजे सोन्याचं खोलगट भांडं, लिंबाच्या बागांनी भरून गेलं. पण लिंबाचं झाड उत्पन्नावर यायला काही वर्षं लागतात आणि पाण्याची पाळी चुकली की पीक हातचं जातं. ज्याच्या हातात पाणी आणि राखण, त्याच्या हातात बाग. १८७२ मध्ये गास्पारे गालाती या डॉक्टरांकडे पालेर्मोजवळच्या अशा एका बागेचा कारभार आला. तिथे पाणी उपसायला वाफेचं इंजिन होतं आणि राखणदार त्याचा कोळसा लांबवत होता. त्याला काढलं, तर नव्या राखणदाराला गोळ्या घातल्या गेल्या. १८७५ मध्ये गालाती कुटुंबासह नेपल्सला पळून गेले आणि तिथून त्यांनी सरकारला सगळी हकीकत कळवली. माफियाच्या सुरुवातीच्या इतिहासात ही हकीकत महत्त्वाची मानली जाते. लिंबाचं सरबत पिताना हेही आठवावं असं मला मनापासून वाटतं.

आता जुलैतल्या लिंबाकडे येऊ. सिराकुसा आणि कातानियाच्या किनाऱ्यावरचे शेतकरी जूनपासून बागेचं पाणी तोडतात. पानं माना टाकतात, झाड सुकतंय की काय असं वाटू लागतं. मग जुलैअखेरीच्या सुमारास भरपूर पाणी आणि खत देऊन हा पाण्याचा ताण तोडतात. झाडाला ऑगस्ट-सप्टेंबरात फुलं येतात आणि त्यांची फळं पुढच्या उन्हाळ्यात उतरतात. पिकताना थंडी नसल्याने ती पिवळी न होता हिरवट राहतात, म्हणून त्यांचं नाव ‘वेर्देल्लो’. विदर्भ-मराठवाड्यात बहार धरणाऱ्यांना ही भाषा घरचीच आहे. आपणही कागदी लिंबाला हस्त बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या अखेरच्या फुलोऱ्यासाठी, ताण देतो, तोही उन्हाळ्यातला भाव गाठण्यासाठीच. फरक आभाळाचा. आपला ताणाचा काळ भर पावसाळ्यात येतो, त्यामुळे झाड सुकवणं अवघड. सिसिलीत त्या दिवसांत ढगच नसतो, पाट बंद केला की काम झालं.

थंडीत घराघरात वेगळी लगबग असते. संत्र्या-मँडरिनच्या साली पांढरा भाग न घेता पातळ सोलून शुद्ध मद्यार्कात भिजत घालतात, रंग उतरला की गाळून साखरेच्या पाकात मिसळतात. तमालपत्राच्या जातकुळीतल्या लॉरेलच्या पानांचंही असंच हिरवं मद्य करतात. पालेर्मोजवळच्या चाकुल्लीचं उशिरा पिकणारं मँडरिन विशेष नावाजलेलं आहे. कोंका दोरोचा बराच भाग १९५० आणि ६० च्या दशकांत इमारतींखाली गेला, त्यातून वाचलेल्या पट्ट्यात ते पिकतं.

११ ऑगस्ट २०२१ रोजी सिराकुसाजवळ ४८.८ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. जागतिक हवामान संघटनेने तो युरोपातला उच्चांक म्हणून मान्य केला आहे. २०२४ मध्ये दुष्काळामुळे बेटावर आणीबाणी जाहीर झाली आणि आग्रिजेंतोसारख्या शहरांत पाणी ठरावीक दिवसांनी सोडलं जाऊ लागलं. वेर्देल्लोसाठी पाणी तोडणं सोपं आहे. तोडल्यावर ते पुन्हा देता यावं लागतं, आणि त्यासाठी जेब्या भरलेली असावी लागते.