इंटर्नशिपमध्ये भेटलेला सिनियर

इंजिनिअरिंगच्या पोरांना इंटर्नशिप म्हटलं की दोनच प्रश्न पडतात, स्टायपेंड किती आणि सर्टिफिकेट मिळणार ना. पण पुढे नोकरीत मन रमतं की नाही, याचं मूळ बऱ्याचदा त्या दिवसांतच असतं.

कल्पना तशी जुनीच. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकांनी 1906 साली 27 पोरं घेऊन सुरुवात केली, एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात, आणि कामाचा पगारही मिळणार! विद्यापीठाच्या ट्रस्टींना काही भरवसा नव्हता, वर्षभर करून बघा पण फसलं तर जबाबदारी आमची नाही असं त्यांनी ठरावातच घालून ठेवलं. आपल्याकडे बिट्स पिलानीत 1973 पासून प्रॅक्टिस स्कूल आहे, तेही याच धर्तीवर.

आता यातून नक्की होतं काय? ड्रॉइंगवर 0.01 मिमी टॉलरन्स (म्हणजे मापात चालणारा फरक) टाकायला काय लागतं, पण लेथवरचा ऑपरेटर जेव्हा विचारतो, "एवढं बारीक कशाला मागितलंस रे, आता हा पार्ट ग्राइंडिंगला पाठवावा लागणार," तेव्हा कळतं की त्या एका आकड्याने खर्च किती वाढतो. असे दोन-चार दणके आधीच बसले की पहिल्या नोकरीत भ्रमनिरास कमी होतो. नोकरीचं खरं चित्र, कंटाळवाण्या भागासकट, आधी दाखवलं तर लोक सोडून जाण्याचं प्रमाण थोडं घटतं असं संशोधनात दिसलंय. थोडंच हां, जादू नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सिनियर. कॅथी क्रॅम या अभ्यासक बाईंनी 1980 च्या दशकात मेंटॉरच्या, म्हणजे हात धरून शिकवणाऱ्या सिनियरच्या, कामाचे दोन भाग सांगितले: एक करिअरचा, म्हणजे चांगलं काम मिळवून देणं, वरच्यांपुढे नाव घेणं, आणि दुसरा मनाचा, धीर देणं, चुकलं तर सांभाळून घेणं. कॉलेजातले गाइड लॉगबुकवर सही करतात, तिथे दोन्ही नसतं (अपवाद असतील, मान्य). आणि क्रॅम यांच्या मांडणीत मेंटॉरलाही समाधान मिळतं, म्हणजे शिकवणाऱ्या सिनियरचंही काम फुकट जात नाही.

फक्त एक, इंटर्नशिप केलेले इंजिनिअर जास्त समाधानी दिसले तर लगेच श्रेय इंटर्नशिपला देऊ नका. मुळात धडपडी, ओळखी असलेली पोरंच चांगल्या जागा पटकावतात, ती तशीही पुढे गेली असती. हे दोन्ही वेगळं काढायचं तर सारख्याच मार्कांची, सारख्याच घरची पोरं घेऊन वर्षानुवर्षं माग काढावा लागतो, आणि तेवढा धीर कॉलेजांच्या ब्रोशरमध्ये कुठला असायला.