दाढेचा पू कुठे जातो?

‘आठवडाभर दाढ ठणकत होती, आता आपोआप थांबली.’ हे वाक्य ऐकलं की दाताच्या डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते. ठणका असा अचानक थांबतो तेव्हा बहुधा दाताच्या आतली नस मेलेली असते, दुखतंय हे सांगायलाच कुणी उरलेलं नसतं. जंतू मात्र तिथेच असतात. मेलेल्या नसेला रक्तपुरवठा नाही, त्यामुळे शरीराच्या पांढऱ्या पेशीही आत पोचत नाहीत आणि गोळीतलं औषधही नाही. मग मुळाच्या टोकाशी पू धरतो.

हा पू हाड जिथे पातळ असेल तिथून बाहेर पडतो. त्यानंतर सूज कुठे येणार, हे ठरतं समोरचा स्नायू हाडाला कुठे चिकटलाय यावर. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या हिशेबाचं मला फार कौतुक आहे.

स्वच्छ हात धुऊन एक बोट जिभेखाली ठेवा, दुसऱ्या हाताचं बोट बाहेरून हनुवटीखाली टेकवा आणि जीभ टाळूवर दाबा. दोन बोटांच्या मधे काहीतरी ताठ होतं. तोंडाचा तळ झोळीसारखा पेलून धरणारा मायलोहायॉइड नावाचा स्नायू तिथेच आहे. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला तो एका तिरप्या रेषेवर चिकटतो. ही रेषा पुढे खाली आणि मागे अक्कलदाढेकडे वर चढत गेलेली असते. त्यामुळे उपदाढा (सुळा आणि दाढा यांच्या मधले दात) आणि पहिली दाढ यांची मुळं बहुधा रेषेच्या वर संपतात, आणि त्यांचा पू आतल्या बाजूला फुटला तर जिभेखाली साचतो. दुसऱ्या दाढेची आणि अक्कलदाढेची मुळं रेषेच्या खाली उतरतात, त्यांचा पू जबड्याखाली, मानेत. काही मिलिमीटरचा फरक, पण एकाची सूज तोंडात दिसते आणि दुसऱ्याची गळ्याशी.

झोळीची मागची कड मोकळी असते. तिला वळसा घालून वरचा, म्हणजे जिभेखालचा कप्पा आणि खालचा, म्हणजे जबड्याखालचा कप्पा एकमेकांना मिळतात. दोन्ही बाजूंचे हे सगळे कप्पे एकदम सुजले, की होते ती लुडविग्ज अँजायना. जर्मन वैद्य विल्हेल्म फ्रीडरिख फॉन लुडविग यांनी 1836 मध्ये तिचं वर्णन केलं. तोंडाचा तळ लाकडासारखा कडक होतो, जीभ वर आणि मागे ढकलली जाते, श्वास कोंडतो. इथून पू घशाच्या बाजूला, मग घशामागे आणि तिथल्या पडद्यांमधल्या पोकळीतून थेट छातीत उतरू शकतो.

वरच्या दाढांचा पू सायनसमध्ये, म्हणजे गालामागच्या हाडातल्या, नाकात उघडणाऱ्या हवेच्या पोकळीत जाऊ शकतो. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर दाढा जरूर तपासाव्यात. वरचा दात काढला की नजर जाते, ही समजूत मात्र निव्वळ खुळचट आहे. दाताची नस वेगळी, दृष्टीची वेगळी. धोका उलट सडका सुळा तसाच ठेवण्यात असतो. त्याचा संसर्ग डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत चढतो आणि क्वचित शिरांमधून कवटीच्या तळाशी असलेल्या कॅव्हर्नस सायनसपर्यंत जातो (हा सायनस हवेचा नाही, अशुद्ध रक्ताचा).

हे सगळं एक्स-रेमध्ये दिसत नाही का? दाताचा पहिला एक्स-रे ओटो वॉल्खॉफ यांनी जानेवारी 1896 मध्ये स्वतःच्याच दातांचा काढला, पंचवीस मिनिटं स्थिर राहून. आज क्षणात निघतो, पण एक मर्यादा तशीच आहे. हाडातला साधारण 30 ते 50 टक्के खनिजांश गेल्याशिवाय मुळाशी काळा डाग उमटत नाही. म्हणून पहिल्या काही दिवसांत दाढ ठणकत असते आणि फिल्म साफ दिसते. ओपीजीत, म्हणजे सगळ्या दातांच्या एकाच रुंद एक्स-रेत, दोन्ही जबडे एकत्र दिसतात, बारकावे पुसट होतात. सीबीसीटी हा दातांसाठीचा स्कॅन हाड तिन्ही मितींत दाखवतो, आणि ‘थ्रीडी स्कॅनमध्ये सगळं दिसतं’ अशी त्याची जाहिरात होते. पण पू आणि स्नायू त्यात जवळपास सारख्याच करड्या रंगाचे दिसतात. मानेत उतरलेला पू शोधायला शिरेतून कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उजळ दिसणारं औषध) देऊन केलेला सीटी स्कॅन लागतो. त्यात गळवाची कड उजळते आणि मधला पू काळसर राहतो.

हा स्कॅन उताणं झोपून करावा लागतो. गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, आडवं झालं की श्वास कोंडतो, अशा रुग्णाची आधी श्वासाची वाट सुरक्षित करतात, स्कॅन त्यानंतर.