स्पर्लिंग, एलियट

स्पर्लिंग, एलियट (१९५१–२०१७) : तिबेट-चीन संबंधांचे अमेरिकन इतिहासकार. जन्म न्यूयॉर्कचा, पदवी तिथल्याच क्वीन्स कॉलेजची. छिंग अधिकारी झाओ अरफंगच्या खाम (पूर्व तिबेट) मोहिमेवरचा (१९०४–११) त्यांचा लेख १९७६ मध्ये धरमशालाच्या 'तिबेट जर्नल'मध्ये आला. पीएचडी इंडियाना विद्यापीठातून १९८३ ला, लगेच १९८४ ला मॅकआर्थर फेलोशिप. १९८७ पासून २०१५ ला रिटायर होईपर्यंत इंडियानातच शिकवलं, मध्य युरेशियन अभ्यास विभागाचे प्रमुखही होते.

त्यांचं मूळ काम चीनच्या मिंग घराण्याच्या काळावरचं (१३६८–१६४४) आहे. मिंग सम्राटांनी तिबेटात 'फोडा आणि झोडा' नीती वापरली असं आधी बरेच अभ्यासक म्हणायचे, आणि आधार काय, तर एकाच लामाला मोठं न करता वेगवेगळ्या पंथांच्या लामांना किताब वाटले हा. स्पर्लिंग यांनी प्रबंधात हेच तपासायला घेतलं. चिनी दफ्तर आणि तिबेटी चरित्रग्रंथ शेजारी ठेवून वाचले तर असं दिसतं की मिंग दरबाराकडे तिबेटात फोडाफोडी करण्याएवढी ताकदच नव्हती, त्यांना हवे होते घोडे आणि शांत सरहद्द, आणि किताब गेले ते आधीच वजन असलेल्या माणसांना. हे मत आज जास्त पटण्यासारखं वाटतं.

यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण पाचवे कर्मापा (कर्मा काग्यू पंथाचे प्रमुख लामा) देशिन शेक्पा यांचं. मिंग घराण्याच्या योंगल सम्राटाच्या बोलावण्यावरून ते १४०७ मध्ये नानजिंगला गेले, सम्राटाच्या दिवंगत आईवडिलांसाठी विधी केले, त्या दिवसांत आकाशात काय काय चमत्कार दिसले ते दरबाराने एका गुंडाळीवर दिवसवार रंगवून घेतलं. ही गुंडाळी जवळपास ५० मीटर लांब आहे, प्रत्येक चित्राशेजारी तोच मजकूर पाच भाषांत, चिनी, तिबेटी आणि मंगोल त्यातल्याच. पुढे ती कर्मापांच्या त्सुर्फू मठात होती. आता सम्राटाने सैन्य पाठवून सगळं तिबेट कर्मापांच्या पंथाखाली आणायची तयारी दाखवली आणि कर्मापांनी नको म्हटलं, ही गोष्ट तिबेटी परंपरेतून येते, तेव्हा शब्दशः धरू नये, पण तिबेट आधीच मिंगांच्या ताब्यात असतं तर अशी गोष्ट सांगायचं कारणच उरत नाही. पुढच्याच वर्षी, १४०८ ला, गेलुग पंथाचे संस्थापक त्सोंगखापा यांनी दरबाराचं असंच निमंत्रण नाकारलं आणि नंतर स्वतःऐवजी शिष्य पाठवला, दरबाराने त्यावर काही कारवाई केली नाही.

२००४ च्या छोट्या पुस्तकात त्यांनी दोन्ही बाजूंचे दावे तपासले. तेराव्या शतकापासून तिबेट चीनचा भाग, हे चीनचं म्हणणं फार अलीकडचं निघतं, कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे चिनी लेखकच तिबेट चीनमध्ये छिंग (मांचू) घराण्याच्या काळात, अठराव्या शतकात आलं असं लिहीत होते. आणि तिबेटी बाजू जे म्हणते की नातं फक्त गुरू-यजमानाचं, राजकीय अंमल कधी नव्हताच, तेही त्यांना जुन्या कागदांत सापडलं नाही, युआन (मंगोल) आणि छिंग काळात अंमल होता हे त्यांनी स्पष्ट मांडलं. तिबेटी स्वातंत्र्याबद्दल इतकी आस्था असलेल्या माणसाने हे लिहिणं सोपं नव्हतं, आणि म्हणूनच त्यांच्या बाकीच्या लिखाणावर भरवसा बसतो. निर्वासित तिबेटी नेतृत्वाच्या 'मध्यम मार्गा'वरही (स्वातंत्र्याऐवजी चीनमध्येच राहून स्वायत्तता) त्यांनी उघड टीका केली.

उइगुर अर्थतज्ज्ञ इल्हाम तोह्ती इंडियानाला यायला निघाले असताना फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांना बीजिंग विमानतळावर अडवलं, त्यांची मुलगी एकटीच अमेरिकेला आली, तिला स्पर्लिंग यांनी आधार दिला. जुलै २०१४ मध्ये स्पर्लिंग यांना स्वतःलाच बीजिंगहून परत पाठवलं गेलं, सप्टेंबरमध्ये तोह्तींना जन्मठेप झाली. त्याच वर्षी धरमशालाच्या आम्न्ये माचेन संस्थेने स्पर्लिंग यांच्या सन्मानार्थ लेखसंग्रह काढला. निवृत्तीनंतर ते न्यूयॉर्कला परतले आणि जानेवारी २०१७ मध्ये तिथेच वारले.