सुवर्ण नॅनोकणांचे रंगबदल संवेदक : कर्करोगाचे पूर्वनिदान

रक्त, मूत्र किंवा पेशींच्या नमुन्यातील कर्करोगसूचक रेणूंची उपस्थिती सोन्याच्या सूक्ष्म कणांच्या रंगावरून ओळखण्याची प्रायोगिक पद्धती. सुमारे १३ नॅनोमीटर व्यासाचे कण पाण्यात सुटे तरंगत असताना ते मुख्यतः ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात आणि द्रावण माणकासारखे लाल दिसते. तेच कण एकमेकांजवळ आले, की त्यांच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांची सामूहिक आंदोलने परस्परांत गुंततात, शोषण अधिक लांब तरंगलांबीकडे सरकते आणि द्रावण जांभळे वा निळे होते. या लाल द्रावणाचा अभ्यास मायकेल फॅराडे यांनी १८५७ मध्ये केला होता. त्यामागील प्रकाशशोषणाचे गणित गुस्ताव मी यांनी १९०८ मध्ये मांडले.

कणांना एकत्र आणण्याचे काम रोगाशी संबंधित रेणूकडून करून घेणे, ही खरी युक्ती होय. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ चॅड मर्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये कणांवर डीएनएचे तुकडे जोडून, पूरक डीएनए भेटताच ते एकमेकांत बांधले जातात, हे दाखवले. पुढे पूरक डीएनएच्या जोडीला प्रतिपिंडे आणि अ‍ॅप्टामर, म्हणजे विशिष्ट रेणूला चिकटणारे डीएनए वा आरएनएचे छोटे तुकडे, हेही वापरात आले. २०१२ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील मॉली स्टीव्हन्स यांच्या गटाने वेगळी वाट घेतली : तयार कण एकत्र आणण्याऐवजी ते चाचणीतच वाढू द्यायचे आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे प्रमाण एका विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने घटवून त्यांची वाढ मंदावायची; मंद वाढीत कणांचे पुंजके होतात. प्रोस्टेट ग्रंथीशी संबंधित पीएसए हे प्रथिन असल्यास निळा आणि नसल्यास लाल रंग येतो, आणि अत्यल्प प्रथिनही नुसत्या डोळ्यांना कळते.

त्याच गटाने अमेरिकी सहकाऱ्यांसह २०१९ मध्ये आतड्याचा कर्करोग असलेल्या उंदरांवर केलेला प्रयोग याच मालिकेत सांगितला जातो. टोचलेल्या संवेदकातून गाठीतील विकरांनी मोकळे केलेले २ नॅनोमीटरहून लहान सुवर्णपुंज मूत्रपिंडातून बाहेर पडतात आणि मूत्रात रसायन मिसळल्यावर ते निळे होते. काटेकोरपणे पाहता हा रंग सोन्याचा नव्हे. सोने येथे केवळ उत्प्रेरक असते.

रंग पालटणे सोपे असते. तो योग्य कारणाने पालटणे अवघड. नुसत्या मिठानेही सायट्रेटचे आवरण असलेले कण गोळा होतात, तर रक्तद्रवातील प्रथिने त्यांच्यावर थर धरून अपेक्षित बंधच अडवतात. म्हणून स्वच्छ द्रावणातील यश प्रत्यक्ष रक्तात टिकेलच असे नाही. शिवाय संवेदक कितीही तीव्र असला, तरी मोजला जाणारा रेणू कर्करोगापुरताच मर्यादित नसेल, तर निष्कर्ष संदिग्ध राहतो : पीएसए प्रोस्टेटच्या निरुपद्रवी वाढीत आणि दाहातही वाढते. बहुसंख्य निरोगी लोकांच्या चाळणी-तपासणीत चुकीच्या होकारांचे थोडे प्रमाणही अनेकांना अनावश्यक बायॉप्सीकडे पाठवते.