पांढऱ्या पुडीचा माग

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी मेफेड्रोनची, म्हणजे बाजारात जिला एमडी म्हणतात त्या नशेच्या पावडरीची, मोठी साखळी उघडकीस आणली. माल पुण्यात, दिल्लीत आणि सांगलीजवळच्या कुपवाडला सापडला. कारखाना निघाला सोलापूर रस्त्यावरच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत. एकूण जप्ती १,७०० किलोंच्या वर गेली आणि काही माल लंडनला गेल्याचंही पोलिसांनी सांगितलं. सीमेपारची तस्करी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पंजाबची सरहद्द नाहीतर गुजरातचा किनारा येतो. इथे उगम दौंड तालुक्यातला होता.

पोलिसांचं बळ वाढवायचं म्हटलं की गाड्या, मनुष्यबळ, खबऱ्यांचं जाळं यांची चर्चा होते. ते सगळं लागतंच. पण छापा घालणाऱ्या पथकाला थोडं रसायनशास्त्र यायला हवं, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

छाप्याच्या जागी पहिली चाचणी रंगाची. चिनी मातीच्या पांढऱ्या थाळीतल्या खळग्यात कणभर पावडर घ्यायची आणि वर अभिकर्मकाचे, म्हणजे पदार्थ ओळखण्यासाठीच्या रसायनाचे, एक-दोन थेंब सोडायचे. मार्क्विस अभिकर्मक म्हणजे तीव्र सल्फ्युरिक आम्लात मिसळलेलं फॉर्माल्डिहाइड. हेरॉइनवर तो जांभळा होतो, अ‍ॅम्फेटामाइनवर नारिंगी-तपकिरी. पण साध्या साखरेवरही तो तपकिरी पडतो, आणि मेफेड्रोनवर जवळपास काहीच रंग देत नाही! मेफेड्रोनसाठी लिबरमन अभिकर्मक हवा, मग पिवळाधमक रंग येतो. एकच बाटली घेऊन गेलेलं पथक एमडीची गोणी सोडून देईल आणि पिठीसाखरेचा पंचनामा करत बसेल.

रंगानं संशय बळावतो, गुन्हा सिद्ध होत नाही. हे प्रत्येक शिपायाच्या मनावर बिंबलं पाहिजे, कारण ५० ग्रॅमच्या वर मेफेड्रोन सापडलं तर किमान १० वर्षांची शिक्षा आहे आणि जामीनही सहजी मिळत नाही. चुकीच्या रंगावर एखादं निर्दोष पोर तुरुंगात जाणं हे तस्कर सुटण्याइतकंच वाईट.

पक्कं उत्तर प्रयोगशाळेतून येतं. पुण्यात गणेशखिंडीला प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. अशा प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रात नमुन्याची वाफ लांबलचक, बारीक नळीतून जाते आणि त्यातले घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. पुढे इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यानं रेणूंचे तुकडे होतात आणि त्या तुकड्यांच्या वस्तुमानांवरून पदार्थ ओळखला जातो.

पण सीमेपारच्या तपासात खरं मोल असतं ते पावडरीतल्या अशुद्धींना. अर्धवट राहिलेला कच्चा माल, उडून न गेलेलं द्रावक, नको असताना तयार झालेली उपउत्पादनं, मागाहून केलेली भेसळ. प्रत्येक घरचा गोडा मसाला जसा वेगळा लागतो, तसं प्रत्येक कारखान्याचं हे मिश्रण वेगळं असतं. दोन देशांत पकडलेल्या पुड्यांमधल्या अशुद्धी जुळल्या, तर त्या एकाच भट्टीतल्या असाव्यात असं म्हणता येतं. कोकेनच्या बाबतीत तर कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या, प्रमाणावरून कोकाचं झुडूप कोणत्या प्रदेशात वाढलं याचाही अंदाज बांधतात.

हा माग पुसला जातो तो बहुतेक वेळा जप्तीच्या जागीच. दहा पाकिटांचा माल एकत्र ओतला, एकच चमचा सगळीकडे फिरवला, हातमोजे बदलले नाहीत, पिशवी घट्ट बंद केली नाही आणि द्रावक उडून गेलं, की यंत्र कितीही महागडं असो, त्याला सांगण्यासारखं काही उरत नाही. नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढावेत असं अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याचं कलम ५२-अ सांगतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मोहनलाल खटल्यात त्यावर बोट ठेवलं. त्यामुळे प्रशिक्षणात हातमोजे, स्वतंत्र चमचे, कोरी थाळी आणि लाखेचं सील यांचा सराव कवायतीइतकाच नेमानं व्हायला हवा.

पुढचा टप्पा प्रयोगशाळांचा. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालय जगभरच्या प्रयोगशाळांना ओळख न सांगता सारखेच नमुने पाठवतं आणि कुणाचं उत्तर किती अचूक आलं ते तपासतं. पुण्यातल्या अहवालाची परदेशातल्या अहवालाशी सांगड घालायची, तर दोन्हीकडची मापं अशीच पारखलेली असावी लागतात.