दुखणाइताचं तेल मरणशय्येवर कसं गेलं

फादर तेलाची डबी घेऊन आले म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, अशी समजूत कॅथलिक घरांत अजून आहे. जुन्या पिढीच्या तोंडी आजही आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याच्या या संस्काराचं नाव ‘शेवटचा अभ्यंग’ असंच असतं. त्यामुळे निरोप धाडायला उशीर होतो आणि फादर पोहोचतात तेव्हा आजारी माणूस शुद्धीवर नसतो. या भीतीचं मूळ नव्या करारात नाही. ती नंतरच्या शतकांत तयार झाली.

शुभवर्तमानातला चांगला शोमरोनी जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो. त्या काळी तेल हे औषधच होतं. मार्क 6:13 मध्ये बारा शिष्य आजाऱ्यांना तेल लावून बरे करतात. याकोबाच्या पत्रात (5:14-15) तर रीतच घालून दिली आहे: दुखणाइताने ख्रिस्ती मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी, प्रभू त्याला उठवील. इथे बोलावणं स्वतः दुखणाइताने पाठवायचं आहे. तो शुद्धीवर आहे, आणि त्याने उठावं हीच अपेक्षा आहे.

पहिली काही शतकं तेल लोकांच्या घरात असे. पोप इनोसंट पहिले यांनी 416 मध्ये इटलीतल्या गुब्बिओच्या बिशपना लिहिलं, की तेल बिशपने आशीर्वादित केलेलं असावं, पण ते कोणाही ख्रिस्ती माणसाने आपल्या किंवा आपल्या माणसांच्या दुखण्यात वापरावं. सहाव्या शतकात आजच्या फ्रान्समधल्या आर्लचे बिशप सिझेरियस लोकांना बजावत होते, की आजारपणात मांत्रिक आणि ताईत यांच्या मागे न लागता चर्चमध्ये या आणि तेल घ्या.

त्याच पत्रात इनोसंटनी एक अट घातली होती आणि पुढचा सारा फेरा तिच्यातून आला. जाहीर प्रायश्चित्त भोगत असलेल्यांना हे तेल द्यायचं नव्हतं. आधी प्रायश्चित्त पुरं करून चर्चशी समेट, मग तेल. ते प्रायश्चित्त मात्र फार कडक असे, त्यातली काही बंधनं जन्मभर टिकत. साहजिकच लोक ते मरणापर्यंत लांबवू लागले आणि त्याच्यामागून येणारं तेलही मरणशय्येवर गेलं. आठव्या-नवव्या शतकांत शार्लमेन आणि त्याच्या घराण्याच्या काळात झालेल्या कॅरोलिंजियन सुधारणांनी तेल लावण्याचं काम धर्मगुरूंकडे दिलं. पुढे अशीही समजूत पसरली, की तेल लागलेला माणूस वाचला तर त्याने मांस खाऊ नये, अनवाणी चालू नये, संसार करू नये. अशा समजुतीत वाढलेला माणूस तेल आधी कशाला मागेल? बाराव्या शतकात धर्मपंडितांनी याला सात साक्रामेंतांत, म्हणजे चर्चच्या मुख्य संस्कारांत, धरलं, तेही ‘अंतिम अभ्यंग’ म्हणून.

प्रोटेस्टंट सुधारकांनी हे साक्रामेंत नाकारलं. इंग्लंडच्या 1549 च्या प्रार्थनापुस्तकात तेल ऐच्छिक होतं, 1552 मध्ये तेही गेलं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट धर्मपरिषदेच्या 1551 च्या मसुद्यात तेल ‘केवळ’ मरणोन्मुखांसाठी होतं. अंतिम ठरावात त्या जागी ‘विशेषतः’ आलं. तेवढ्या फटीतून चारशे वर्षांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला वाट सापडली. परिषदेने 1963 मध्ये सांगितलं, की हे साक्रामेंत फक्त शेवटच्या घटकेसाठी नाही आणि त्याला ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ म्हणणं अधिक योग्य आहे.

पोप पॉल सहावे यांनी 30 नोव्हेंबर 1972 रोजी नवा विधी दिला. आधी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय असं एकेका इंद्रियाला तेल लावून त्या इंद्रियाच्या पापांची क्षमा मागत. आता कपाळ आणि दोन्ही हातांना लावतात. प्रार्थनेत पापक्षमेबरोबर प्रभूने उठवावं ही याचना परत आली. ऑलिव्ह तेल मिळत नसेल तर दुसरं वनस्पती तेल चालतं. ते पवित्र सप्ताहातल्या तैलविधीच्या मिस्सात (उपासनेत) बिशप आशीर्वादित करतात. निकडीच्या वेळी विधी करणारा धर्मगुरूही करू शकतो. अभ्यंग मात्र धर्मगुरूच देऊ शकतो, त्याच्या खालच्या पायरीवरचा डीकन नाही.

गंभीर आजाराचं निदान झालं, अशा आजारासाठी शस्त्रक्रिया ठरली किंवा म्हातारपणाने शरीर खचलं, की बोलवावं. माणूस बरा होऊन पुन्हा आजारी पडला किंवा त्याच दुखण्यात प्रकृती आणखी ढासळली, तर अभ्यंग पुन्हा घेता येतो. आधी पापनिवेदन, मग तेल, शेवटी ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर) असा क्रम आहे. बेशुद्ध माणसाला पापनिवेदन करता येत नाही, प्रसादही गिळता येत नाही. उशीर केला की तिन्हींपैकी दोन हुकतात. घरी टेबलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती आणि थोडा कापूस ठेवावा. ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती अजिबात पेटवू नये. मृत्यू झाला की नाही याची शंका असेल तर तेल देतात. मृत्यू निश्चित असेल तर देत नाहीत, मृतासाठी प्रार्थना करतात.

औषध थांबवायला हा विधी कुठेच सांगत नाही. उलट आजाराशी नेटाने झुंजावं आणि उपचार घ्यावेत, असं त्याच्या प्रस्तावनेतच लिहिलं आहे. आरोग्यप्रार्थनेच्या मेळाव्यांत उन्माद आणि दिखाऊपणा शिरू देऊ नये, अशी सूचनाही व्हॅटिकनने सप्टेंबर 2000 मध्ये काढली. कोणी प्रार्थनेच्या नावाखाली इन्सुलिन किंवा क्षयाच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर त्याला चर्चच्या शिकवणीचा आधार नाही.