व्यवसाय मार्गदर्शन, माध्यमिक शाळांतील (नागपूर व पूर्व विदर्भ)

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याला स्वतःची आवड, क्षमता आणि घरची परिस्थिती यांचा नीट अदमास घेता यावा, निरनिराळे व्यवसाय व त्यांकडे नेणारे अभ्यासक्रम यांची खात्रीची माहिती मिळावी आणि या दोहोंचा मेळ घालून पुढील शिक्षणाचा निर्णय त्याचा त्याला घेता यावा, यासाठी शाळेने किंवा तज्ज्ञाने केलेले पद्धतशीर साहाय्य म्हणजे व्यवसाय मार्गदर्शन. निर्णय विद्यार्थ्याचा असतो, मार्गदर्शकाचा नव्हे. ही मर्यादा व्याख्येतच गृहीत आहे. एखाद्या महाविद्यालयाची शिफारस करणे, प्रवेश मिळवून देणे किंवा शिकवणी वर्गाची ओळख करून देणे यांचा त्यात अंतर्भाव होत नाही. प्रस्तुत नोंदीत राज्य मंडळाच्या नागपूर विभागातील, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील शाळा मुख्यतः विचारात घेतल्या आहेत.

संज्ञा : ‘व्यवसाय’ या शब्दाच्या अर्थच्छटांमुळे मराठीत या विषयाची बरीच गुंतागुंत झालेली आहे. शासकीय परिभाषेत ‘व्यवसाय शिक्षण’ म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील (आयटीआय) जोडारी (फिटर), वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), संधाता (वेल्डर) यांसारखे अभ्यासक्रम. ‘व्यावसायिक अभ्यासक्रम’ म्हणजे मात्र वैद्यक, अभियांत्रिकी, विधी, औषधनिर्माण यांसारखे पदवी अभ्यासक्रम. एका प्रत्ययाच्या फरकाने अर्थ इतका दूर जातो, की शाळेच्या फलकावर ‘व्यवसाय मार्गदर्शन’ असे लिहिले तर आयटीआयची माहिती मिळणार आहे, अशी अनेक पालकांची समजूत होते. बोलीत ‘व्यवसाय’ हा धंद्याला प्रतिशब्द म्हणूनही वापरतात. बहुधा याच कारणाने नागपुरात ‘करिअर गायडन्स’ हा इंग्रजी शब्दप्रयोग रूढ झाला असावा. ‘समुपदेशन’ ही संज्ञा तुलनेने नवी असून तिचा रोख व्यक्तिगत अडचणीवर आहे. मार्गदर्शन संपूर्ण वर्गालाही करता येते, समुपदेशन मात्र एकेका विद्यार्थ्याशी बोलूनच होते.

‘कल’ हा शब्द याहून अधिक घोटाळ्याचा आहे. ‘मुलाचा कल चित्रकलेकडे आहे’ या वाक्यात त्याला चित्रकला आवडते आणि त्याला ती जमते, हे दोन्ही अर्थ एकवटलेले असतात. मानसशास्त्रात हे दोन गुण वेगळे मानतात. आवडीला अभिरुची आणि एखादे काम शिकून घेण्याच्या अंगभूत शक्यतेला अभिक्षमता किंवा अभियोग्यता म्हणतात. एक आहे म्हणून दुसरी असेलच असे नाही, आणि मार्गदर्शकाचे पुष्कळसे काम या दोहोंमधील अंतर विद्यार्थ्याला हळुवारपणे दाखवून देण्याचे असते. ‘कल चाचणी’ या नावाने राज्यभर घेतलेल्या चाचणीमुळे हे दोन अर्थ लोकव्यवहारात पुन्हा एकमेकांत मिसळले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उगम : आधुनिक अर्थाने व्यवसाय मार्गदर्शनाचा आरंभ सर्वसाधारणपणे फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे काढलेल्या केंद्रापासून मानतात. स्वतःची ओळख, कामाची ओळख आणि त्या दोहोंच्या संबंधाचा विचार ही त्यांची त्रिसूत्री, त्यांच्या मृत्यूनंतर १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आली आणि आजही बहुतेक पद्धतींचा पाया तीच आहे. भारतातील आरंभाविषयी एकमत नाही. कोलकाता विद्यापीठाच्या उपयोजित मानसशास्त्र विभागात १९३८ च्या सुमारास या विषयाचे काम सुरू झाले. मुंबईत बाटलीबॉय यांचे मार्गदर्शन केंद्र १९४१ मध्ये निघाले. संशोधनाला प्रारंभ मानले तर मान कोलकात्याकडे जातो आणि सर्वसामान्यांसाठी उघडलेल्या सेवेला प्रारंभ मानले तर मुंबईकडे. मार्गदर्शन ही मुळात सेवा असल्याने दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

विदर्भापुरता आणखी एक दावा विचारात घ्यावा लागतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योगाला केंद्रस्थानी ठेवणारी योजना तयार केली. ही नई तालीम किंवा वर्धा योजना होय. त्याच सुमारास मध्य प्रांत व वऱ्हाडात पंडित रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजनाही पुढे आली. शाळा आणि काम यांची सांगड येथे प्रथम घातली गेली म्हणून या भागातील व्यवसाय मार्गदर्शनाचा उगम वर्ध्यात शोधण्याकडे काहींचा कल दिसतो. तथापि नई तालीममध्ये सूतकताई, सुतारकाम किंवा शेती ही शिक्षणाची माध्यमे होती. अनेक व्यवसायांतून एकाची निवड करण्यास मुलाला मदत करणे हा तिचा हेतू नव्हता. गणित, भूगोल व समाजशास्त्र टकळीवरून शिकवावे ही कल्पना आणि टकळी की टंकलेखन हे मुलाने ठरवावे ही कल्पना, यांत मूलभूत भेद आहे. त्यामुळे वर्धा योजनेला पूर्वपीठिका म्हणणे योग्य ठरेल. उगम म्हणणे कठीण आहे. श्रमाविषयीचा आदर मात्र तिने या परिसरातील शिक्षकांच्या मनात रुजवला आणि त्याचे मोल कमी नाही.

प्रशासकीय इतिहास : मुंबई सरकारने १९५० च्या सुमारास स्वतःचे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र स्थापन केले, तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्यानंतरच मुंबईच्या यंत्रणेचा लाभ येथील शाळांना मिळू शकला. पश्चिम महाराष्ट्राच्या तुलनेत येथील काम उशिरा सुरू झाले, त्याचे एक कारण या तारखांत आहे. मधल्या काळात माध्यमिक शिक्षण आयोगाने (मुदलियार आयोग, १९५२–५३) बहुउद्देशीय शाळांची आणि प्रशिक्षित मार्गदर्शकांची शिफारस केली होती व १९५४ मध्ये दिल्लीत केंद्रीय मार्गदर्शन कार्यालय निघाले होते. शाळेतल्याच एखाद्या शिक्षकाला अल्पकालीन प्रशिक्षण देऊन त्याच्याकडे हे काम सोपवण्याची ‘करिअर मास्टर’ पद्धत याच काळातील. कोठारी आयोगाने (१९६४–६६) मार्गदर्शन प्राथमिक स्तरापासून सुरू व्हावे असे सुचवले.

निवडीची वेळ ठरवणारा सर्वांत मोठा बदल आकृतिबंधाचा होता. जुन्या पद्धतीत ऐच्छिक विषयांची निवड शाळेतच होत असे. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आल्यावर, १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि शाखानिवड दहावीच्या निकालानंतरच्या थोड्या दिवसांत येऊन ठेपली. शाळा सुटलेली, महाविद्यालय अजून लागलेले नाही, अशा नेमक्या त्या दिवसांत विद्यार्थ्याजवळ हक्काचा शिक्षक नसतो.

सात क्षेत्रे व चाचणी : महाराष्ट्र शासनाने २०१५–१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञाने, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी तिची सात क्षेत्रे होती. पुढे तिला अभिक्षमतेचा भाग जोडण्यात आला. मुदलियार आयोगानेही अभ्यासक्रमाचे सातच गट सुचवले होते : मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, कृषी, ललित कला व गृहविज्ञान. साठहून अधिक वर्षांच्या अंतराने केलेल्या या दोन वर्गवाऱ्यांत पाच क्षेत्रे जवळजवळ तीच आहेत. गृहविज्ञान गळाले आणि गणवेशधारी सेवा आल्या, हा बदल बोलका आहे. पहाटे मैदानावर पोलीस व सैन्य भरतीसाठी धावणारी मुले-मुली पूर्व विदर्भात गावोगावी दिसतात. त्यांच्या आकांक्षेला शालेय वर्गवारीत प्रथमच जागा मिळाली.

चाचणीचा अहवाल वाचताना दोन चुका वारंवार होतात. पहिली शततमकाविषयी (पर्सेंटाइल). ‘तांत्रिक ८२’ याचा अर्थ शंभरपैकी ८२ गुण असा नसून, ज्या गटावरून प्रमाणके काढली त्या गटातील सुमारे ८२ टक्के विद्यार्थी या विद्यार्थ्याच्या बरोबरीने किंवा त्याच्या खाली आहेत, असा आहे. साहजिकच तो गट कोणता होता, शहरी की ग्रामीण, कोणत्या माध्यमाचा, हे कळल्याशिवाय ८२ या आकड्याला अर्थ येत नाही. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. अनेक अभिरुची चाचण्यांत दोन-तीन कामांपैकी एकाची निवड करणे भाग असते. अशा रचनेत एका क्षेत्राचा अंक वाढला की दुसऱ्याचा घटतोच, कारण एकूण बेरीज ठरलेली असते. त्यामुळे अशा अंकांवरून एकाच विद्यार्थ्याच्या आवडींचा क्रम सांगता येतो. दोन विद्यार्थ्यांची तुलना करता येत नाही. आपल्या मुलीचा अंक शेजारच्या मुलापेक्षा कमी आला म्हणून खंतावणाऱ्या पालकाला ही गोष्ट शांतपणे समजावून सांगणे आवश्यक असते. शिवाय गडचिरोली जिल्ह्याच्या दुर्गम भागातील भामरागड किंवा सिरोंचा येथील विद्यार्थ्याने जे काम कधी पाहिलेच नाही, त्याविषयीची त्याची नावड ही नावड नसून अपरिचय असतो.

प्रत्यक्ष व्यवहार : नागपुरातील मराठी शाळेत निकालानंतरच्या आठवड्यात मार्गदर्शनाचे स्वरूप साधारणपणे असे दिसते. शिक्षिकेच्या टेबलाशी आई आणि मुलगा बसलेले असतात. आईच्या हातातील प्लॅस्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका, दाखला आणि आधारकार्डाच्या छायाप्रती असतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो : “मॅडम, याले सायन्स देऊ का कॉमर्स, तुम्हीच सांगा.” प्रशिक्षित मार्गदर्शक त्याचे उत्तर देत नाही. सुट्टीत तू काय करतोस, कोणता विषय न सांगता उघडतोस, कोणाचे काम जवळून पाहिले आहेस, असे ती मुलालाच विचारते. मुलगा मामाच्या दुकानात पंख्याची वाइंडिंग भरतो, हे तेव्हा प्रथम कळते. आईला ते ठाऊक असते. पण ते सांगण्याजोगे आहे असे तिला वाटलेले नसते.

आईच्या ‘तुम्हीच सांगा’ या प्रश्नामागे नागपूरच्या कामगार वस्त्यांचा इतिहास आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या गिरण्या यांत बापाच्या ओळखीने मुलगा लागत असे आणि कोष्टी (विणकर) कुटुंबांत माग वारशाने येत असे. गिरण्या बंद पडल्यावर ही वाट मिटली आणि निवडीचा भार प्रथमच घरातल्या मुलांवर आला.

प्रवेशाच्या नियमांची माहिती हा मार्गदर्शनाचा दुय्यम भाग समजला जात असला, तरी नुकसान बहुतेकदा तेथेच होते. अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास तेथेच प्रवेश घ्यावा लागतो. तो न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाद होतो. म्हणून मित्रांच्या यादीवरून पसंतीक्रम भरणे घातक ठरते. अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांसाठी गणित आणि वैद्यकासाठी जीवशास्त्र लागत असल्याने अकरावीत सोडलेला विषय पुढे वाट अवघड करतो. ज्यांचे ठरलेले नाही ते दोन्ही विषय ठेवू शकतात, मात्र अभ्यासाचा ताण वाढतो. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश घेणाऱ्यास जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि त्याचा प्रस्ताव बारावीच्या निकालानंतर नव्हे, तर त्याआधीच दाखल करणे इष्ट असते. अनुसूचित जमातींसाठी नागपुरात स्वतंत्र तपासणी समिती आहे. हलबा (अनुसूचित जमात) व कोष्टी (विणकर जात) या नोंदींविषयीचा येथील जुना वाद वैद्यकीय प्रवेशाच्या एका प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००० मध्ये ‘हलबा-कोष्टी’ हे अनुसूचित जमातीत मोडत नसल्याचा निर्णय झाला. अशा घरातील विद्यार्थ्याशी बोलताना मार्गदर्शकाने कायद्याची स्थिती स्पष्ट सांगावी आणि ती सांगताना त्याचा मान राखावा.

स्थानिक संस्था : दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या पदविकेसाठी १९१४ पासूनचे शासकीय तंत्रनिकेतन, कृषी शिक्षणासाठी १९०६ पासूनचे कृषी महाविद्यालय, रासायनिक तंत्रज्ञानासाठी कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभी राहिलेली संस्था, १९४७ चे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तसेच पशुवैद्यक महाविद्यालय, विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आणि राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरातच आहेत. अखेरच्या संस्थेत अग्निशमन अभियांत्रिकीचे पदवी शिक्षण मिळते.

दहावीनंतर आयटीआयला जाणे म्हणजे उच्च शिक्षणाचा मार्ग सोडणे, हा समज पालकांत खोलवर रुजलेला आहे व तो वस्तुस्थितीला धरून नाही. दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला, आणि पदविका पूर्ण झाल्यावर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. पंख्याची वाइंडिंग भरणारा मुलगा वीजतंत्रीच्या वर्गातून सुरुवात करून या वाटेने विद्युत अभियंता होऊ शकतो. त्यासाठी त्याला अकरावी-बारावीच्या वाटेपेक्षा एक वर्ष जास्त लागते, पण मधल्या प्रत्येक टप्प्यावर त्याच्या हाती कमावण्याजोगे प्रमाणपत्र असते.